अण्णांसोबत पाच दिवस: अपशिंगे ते निमज

नोव्हेंबरात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हयातीचा दाखला काढायला गेलो होतो. दीड तास रांगेत उभं राहून खिडकीशी पोचलो, तर अंगठा काही मशीनवर उमटेना. उजवा झाला, डावा झाला, ओल्या फडक्याने पुसून झाला. पंच्याहत्तरीचा हात तो. 18 वर्षं रायफल आणि नंतरची 39 वर्षं खुरपं, विळा, मोटारीचा पाना. रेघा राहतील कशा? खिडकीतल्या मुलाने पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढे ते काम घरीच मोबाईलला चेहरा दाखवून पाच मिनिटांत झालं. पण त्या दिवशी परत येताना अण्णा गाडीत गप्प होते. गाव जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "माणगावला जायचं राह्यलं बघ माजं. घाडग्यांच्या पुतळ्याला. बेळगावात असल्यापास्नं मनात हाय."

अण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे, हवालदार. 1968 साली बेळगावच्या सेंटरला रंगरूट म्हणून दाखल झाले, 1986 ला काळी ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. मधली वर्षं आम्ही पोरांनी सुट्ट्यांनी मोजली. एसटीतून ट्रंक उतरली की पहिल्याच रात्री मी विचारायची, "अण्णा, सुट्टी किती राहिली?" ते म्हणायचे, "हाय की अजून लय." ट्रंक पुन्हा बांधायला काढेपर्यंत उत्तर तेच असायचं.

मी ठरवलं, माणगावला न्यायचंच, आणि नुसतं माणगाव नाही. 14 जानेवारीला सैन्यदलांचा माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली त्याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून तो दिवस. त्याच दिवशी संक्रांतही होती. पाच दिवसांची सुट्टी टाकली, गाडीला नवे टायर घातले. अण्णांनी आदल्या रात्री ओसरीत वर्तमानपत्र पसरून ब्रासोने मेडलं घासली: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडल. घासताना प्रत्येकाची मागची बाजूही घासत होते. मागची बाजू कोण बघतंय म्हटल्यावर उत्तर दिलं नाही, घासत राहिले.

पहिला दिवस, 10 जानेवारी: अपशिंगे

सकाळी निघताना अण्णांनी आमच्याच गावच्या चावडीपाशी गाडी थांबवायला लावली. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर बसवलेली. या गावातून इतके जण गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर कोरलेलं. देशावर आणि कोकणात अशा पाट्या खूप गावांत आहेत. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवत अक्षरं गिरवायची. आकडे आहेत, नाव एकही नाही. अण्णा पाटीसमोर क्षणभर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि गाडीत येऊन बसले.

रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. कारखान्यांचा हंगाम भरात, त्यामुळे तासाभराच्या वाटेला दोन तास लागले.

सातारा जिल्ह्यात सैनिक नाही असं गाव शोधावं लागेल, पण अपशिंगेची गोष्ट वेगळी. गावाच्या नावातच मिलिटरी आहे. टपालाचा पत्तासुद्धा 'अपशिंगे मिलिटरी' असाच. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. एवढ्याशा गावातली 46 घरं. पुढे दुसरं महायुद्ध, 1962, 65, 71, सगळीकडे इथली पोरं होती. आजही घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा फौजेतून आलेला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली, पण अपशिंग्याला शाळेची वाट बघावी लागली नव्हती.

पारावर चार-पाच पेन्शनर बसले होते. अण्णा उतरले, हिरवी बेरे टोपी, तिला लाल-हिरवा तुरा. एक शब्द बोलायच्या आत पारावरचे सगळे उठून उभे राहिले. मग 'राम राम', मग 'कुठली पलटण', मग 'कुठल्या साली'. पाच मिनिटांत ओळखीच्या ओळखी निघाल्या. एकाचा भाऊ अण्णांच्या कंपनीत क्लार्क होता. दुसऱ्याने त्यांच्याच उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्या त्याने उभं राहून जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. अण्णा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

एका घरात चहाला बोलावलं. भिंतीवर एका ओळीत चार फोटो. पहिला फेटा आणि मिशीवाला, शेवटचा चकचकीत रंगीत, युनिफॉर्ममधला विशीतला मुलगा. पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा. घरातल्या बाई सांगत होत्या: "ह्यांनी लग्न ठरवताना मला विचारलं नव्हतं फौजीशी करशील का म्हणून. इथं ते विचारायचं नसतंच." फोटोंच्या खाली देवळीत पितळी तांब्या आणि त्यात ठेवलेली पत्रं, आंतर्देशीय निळी. पत्रं जपायची जागा म्हणजे देवळी, माझ्या आईचीही तीच होती. मी विचारलं, फोटोतल्या पहिल्यांचं नाव काय? बाईंनी सांगितलं. अण्णांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. मला वाटलं पत्ता लिहीत असतील.

संध्याकाळी गावाबाहेर पोरं पळताना दिसली, भरतीची तयारी. अण्णांनी गाडी थांबवून त्यांची दमछाक पाहिली. एकाला म्हणाले, "टाच आपटू नगंस, गुडघं जात्यात." पोरगा म्हणाला, "अग्निवीरची भरती हाय आजोबा, चार वर्षं." अण्णा काही बोलले नाहीत. गाडीत मात्र म्हणाले, "चार वर्षांत पलटण अंगात मुरती तवर सोडायची यळ यायची. त्यातली चारात एकच पोरगं ऱ्हाणार. बाकीच्या तिघास्नी गाव काय म्हनल?" 2022 पासूनच्या या योजनेवर मी बरंच वाचलंय, बाजूने आणि विरोधात. गावाला काय वाटेल हा प्रश्न मात्र मी कुठे वाचला नव्हता.

मुक्काम साताऱ्यात. अण्णा नऊला झोपले.

दुसरा दिवस, 11 जानेवारी: घाट उतरून माणगाव

मेढ्यावरून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीच्या टोपल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पर्यटकांची ही गर्दी. आम्ही थांबलो नाही. घाटात प्रतापगड दिसला तेव्हा अण्णांनी बसल्या बसल्या हात जोडले आणि रेजिमेंटचा जयघोष हळूच पुटपुटले, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय." बेळगावला हा जयघोष रंगरुटाच्या घशातून आधी फाटका निघतो, मग सहा महिन्यांत पोटातून यायला लागतो, असं ते म्हणाले.

महाडला जेवण, आंबोळी आणि सोलकढी. दुपारी माणगाव.

मुंबई-गोवा रस्त्यावरून माणगाव ओलांडणारे हजारो लोक रोज जात असतील. किती जणांना ठाऊक असेल की याच तालुक्यातल्या एका छोट्या वाडीतला 22 वर्षांचा मुलगा इटलीत लढताना मेला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला? नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944, टायबर नदीचं वरचं खोरं.

पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. अण्णांनी गाडीत बसूनच कोट घातला, मेडलं लावली, आरशात टोपीचा कोन बघितला. गुडघ्यामुळे त्यांना आता काठी लागते. काठी त्यांनी गाडीतच ठेवली. मी धरायला गेले तर हात झटकला. पंधरा-वीस पावलं चालले, थांबले, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. हात खाली यायला बराच वेळ लागला. बाजूने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं, पण इंजिन बंद करून उभा राहिला.

मग अण्णांनी मला ती गोष्ट सांगितली, त्यांना उस्तादांनी सांगितली होती तशी.

"मशिनगनच्या माऱ्यात सेक्शनचे समदे पडले. मेलं नायतर जखमी. उरलं फकस्त घाडगे. मागं यायचं तर येऊ शकलं असतं. न्हाई आलं. धावत गेलं, ग्रेनेड टाकला, गन आनि गनवाला गार. एकाला टॉमीगननं पाडला. राह्यलं दोन. मॅगझिन रिकामं, बदलायला सवड न्हाई. मग नळीला धरून बट फिरवली, दोघांस्नी तितंच लोळवलं. तवर शत्रूच्या स्नायपरनं छातीत आनि पाठीत गोळ्या मारल्या. जी पोस्ट घेतली त्याच पोस्टीत गेलं."

थोडं थांबून म्हणाले, "तुला एक सांगतो. लय फायर झाल्यावर नळी किती तापती ठाव हाय? हात लावला तर कातडं निघतंय. त्यांनी ती धरली."

हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, हे ते स्वतःच्या हातांवरून सांगत होते. 1971 च्या डिसेंबरात अण्णांचे हात कुठे होते, हे मी आजवर विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले होते.

घाडग्यांना कबर नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. इटलीच्या मोहिमेत 50,000 हून जास्त हिंदी सैनिक होते, 5,782 मेले. सगळ्या मिळून 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले त्या मोहिमेत, त्यातले 6 हिंदी सैनिकांचे. 2023 च्या जुलैत इटलीत माँतोने या गावी घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द हे त्याचं ब्रीद. मी मोबाईलवर त्याचा फोटो अण्णांना दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला. विचारलं, "सावली पडती का तितं?"

रात्री माणगावात एका लॉजवर. डास फार होते.

तिसरा दिवस, 12 जानेवारी: ताम्हिणीतून पुण्याला

हा दिवस नुसता रस्त्याचा असेल असं वाटलं होतं.

निजामपूर, विळे, मग ताम्हिणी घाट. पावसाळ्यात इथे धबधब्यांखाली पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत सगळं कोरडं, गवत सोनेरी. घाटमाथ्यावर एका टपरीवर थांबलो. दोन चहा, एक भजीप्लेट. अण्णांनी चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरला आणि समोरच्या दरीकडे बघत बोलायला लागले. मी काही विचारलं नव्हतं.

"त्या राती पन आसंच धुकं हुतं."

ते जमालपूरबद्दल, म्हणजे बांगलादेशच्या लढाईबद्दल, बोलत होते. 1971 च्या डिसेंबरात 95 माउंटन ब्रिगेड मेघालयातून खाली ढाक्याच्या दिशेने उतरली. वाटेत ब्रह्मपुत्रेकाठी जमालपूर, तिथे पाकिस्तानची 31 बलूच पलटण पक्के मोर्चे बांधून बसलेली. पहिली मराठा नदी ओलांडून जमालपूरच्या पाठीशी गेली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली. पलटणीचे कमांडर तेव्हा लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी 9 तारखेला तिथल्या पाकिस्तानी कमांडरला पत्र पाठवलं: वेढले गेला आहात, शरण या. त्या कमांडरने, कर्नल सुलतान अहमदने, उत्तर पाठवलं आणि पत्रात एक गोळी गुंडाळून दिली.

हे सगळं मी पुढे वाचलं. अण्णांना पत्राचं त्या वेळी काही ठाऊक नव्हतं. त्यांना आठवत होतं ते वेगळंच. नदी ओलांडताना गावकऱ्यांच्या होड्यांत बूट काढायची परवानगी नव्हती, म्हणून पुढचे दोन दिवस मोजे ओले. ओल्या मोज्यांनी पाय पांढरे पडले, चुरमुऱ्यासारखे. 10 तारखेच्या रात्री जमालपुरातली फौज अंधारात रस्त्याने बाहेर पडायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या अंगावर आली.

"आवाज आधी आला. बुटांचा. लय बुटांचा. आमास्नी हुकूम हुता, जवळ येऊ द्या. माज्या शेजारी जुन्नर भागातला आमचा गडी हुता. त्यानं माजं मनगट धरलेलं. भ्यालेला न्हवता. मी आधी फायर करू नये म्हनून धरलेलं. माजा हात कापत हुता, त्याचा न्हाई."

11 ला उजाडताना जमालपूर पडलं, 16 ला ढाका. एवढं बोलून अण्णांनी चहा संपवला. सांगण्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मनगट दाखवलं, डावं. तिथे काहीच नाही, खूण नाही, व्रण नाही. मी तरी त्या जागेकडे बघत राहिले.

"तो गडी आहे अजून?" मी विचारलं.

"हाय म्हनत्यात. आळेफाट्याच्या पुढं कुटंतरी. दहा वर्षांमागं फोन आल्ता."

माणगावहून निघताना आमची यादी ठरलेली होती, त्यात हा गडी नव्हता. मुळशीच्या धरणाकाठी मी गाडी बाजूला घेतली आणि तिघा-चौघांना फोन लावले. अपशिंग्याच्या पारावरच्या त्या क्लार्कच्या भावाने रात्री दहाला उलटा फोन केला आणि नंबर दिला.

चौथा दिवस, 13 जानेवारी: खडकी

सकाळी खडकीची युद्ध दफनभूमी. इतकी राखलेली हिरवळ पुण्यात क्वचित बघायला मिळते. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी, एका मापाच्या पांढऱ्या शिळा, रांगेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि वेगवेगळ्या छावण्यांत पुरलेल्या 1,800 हून जास्त जणांची नावं इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. बहुतेक नावं परकी. अण्णांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण वय वाचता येतं. ते प्रत्येक शिळेवरचं वयच वाचत चालले होते. एकोणीस. बावीस. एकवीस. एका शिळेवर नाव नव्हतं, फक्त सैनिक असल्याचा उल्लेख. तिथे मात्र ते बराच वेळ थांबले.

माळ्याने सांगितलं, इंग्लंडहून कधी कधी नातवंडं येतात, फुलं ठेवतात, शिळेवर हात फिरवतात. आपल्या सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे हात फिरवायला शिळाही नसते. भिंतीवरचं नाव असलं तर असतं. हे बोलताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ते टोचलं. आपल्या गावोगावच्या पाट्यांवर तेवढी नावं तरी आता आपणच कोरायला हवीत. ग्रामपंचायतींना ते अवघड नाही, गावातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घेता येतील.

तिथून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर निकामी झालेल्या जवानांसाठी 1974 साली हे केंद्र सुरू झालं. आधी फोन करून परवानगी घेतली होती. अण्णांनी घरून तिळाचे लाडू आणले होते, ताईने केलेले, डबाभर.

युद्धातल्या गोळीनेच माणूस असा होतो असा माझा समज होता. इथे कळलं, डोंगरात ट्रक दरीत गेला, बर्फ अंगावर आलं, सरावात पडला, सुट्टीवर असताना अपघात झाला, अशीही माणसं असतात. वय पंचविशीचं, तिशीचं. एक जण तोंडात कुंचला धरून चित्र काढत होता. कागदावर एक विहीर, विहिरीवर रहाट, आणि रहाटाचा दोर रंगवायचं काम चाललेलं. दोर म्हणजे एकाखाली एक शंभर बारीक तिरक्या रेघा. एक रेघ झाली की तो मान मागे घ्यायचा, श्वास सोडायचा, पुन्हा पुढे. मी वीस रेघा मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

मी मोबाईल काढला तसं तो कुंचला बाजूला ठेवून म्हणाला, "काढा की फोटो. पण आधी बसा. लोक फोटो काढतात आणि जातात."

बसलो. दोन तास बसलो. विहीर त्याच्या आजोळची, बीडकडची. दुष्काळात त्यांनी ती दोनदा खोल केली होती. अण्णांनी त्याला पाणी किती हातांवर लागलं ते विचारलं, दोघांचं विहीर खोदण्यावर जे सुरू झालं ते थांबेना. लाडू भरवायची वेळ आली तेव्हा अण्णांनी आधी त्याच्या मानेखालचं फडकं नीट केलं, मग लाडू फोडून छोटा तुकडा केला. आम्हा पोरांना त्यांनी असं कधी भरवलं असेल का, मला आठवत नाही. ते घरी नसायचे.

बाहेर पटांगणात चाकाच्या खुर्च्यांवर बास्केटबॉलचा सराव चालला होता. खुर्च्या एकमेकांवर आदळायच्या, मोठमोठ्याने ओरडाआरड. इथे आल्यावर मुरलीकांत पेटकरांची आठवण होणारच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा, जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. मधल्या 46 वर्षांत आम्ही शाळेत त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. आकडाही नेमका 46 यावा.

संध्याकाळी नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं दक्षिण कमांडचं युद्धस्मारक पाहिलं. अण्णा दमले होते. बाकावर बसून त्यांनी डायरी उघडली. मी डोकावले. पत्ते नव्हतेच. नुसती नावं होती. अपशिंग्याच्या फोटोतले पणजोबा, माणगावला थांबलेला तो मोटारसायकलवाला, विहिरीचं चित्र काढणारा. सगळ्यांत वर, पहिल्या पानावर, वेगवेगळ्या शाईत नऊ नावं. ती जुनी होती. त्यांच्याबद्दल मी विचारलं नाही.

पाचवा दिवस, 14 जानेवारी: निमज, आणि आळेफाट्याजवळ

पहाटे पाचला निघालो. नारायणगावला मिसळ. मग आळेफाटा, बोटा, संगमनेर.

निमज हे संगमनेर तालुक्यातलं गाव, शिपाई नामदेव जाधव यांचं. पहिल्या बटालियनचे, म्हणजे अण्णांच्याच जंगी पलटणीचे. 9 एप्रिल 1945, इटलीत सेनिओ नदी. नामदेवराव कंपनीचे रनर, निरोप्ये. पलीकडच्या बांधावर चढाई करताना त्यांच्यासोबतची तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून आणलं. पुन्हा गेले आणि दुसऱ्याला आणलं. नंतर एकट्याने तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. मग बांधावर उभं राहून, चोहीकडून मारा चालू असताना, मराठ्यांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना हाताने बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा ते हयात होते, 1984 पर्यंत होते.

गावात संक्रांतीची गडबड. चहाच्या टपरीवर अण्णांनी नुसतं नाव घेतलं तर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. दोघे-तिघे जमले. अण्णांनी त्यांना तिळगूळ दिला आणि म्हणाले, "आमी त्यांच्याच पलटनीचं. आमास्नी रंगरूट असताना त्यांचं नाव घिऊन पळवायचं." एवढंच सांगायला ते इतक्या लांब आले होते. अर्ध्या तासात निघालो.

आळेफाट्यापासून आत वळून त्या गावात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. अण्णांच्या मित्राची सून दारात उभी होती. फोनवर तिने आधीच सांगितलं होतं, "बाबांना काही आठवत नाही हो. मुलालाही ओळखत नाहीत कधी कधी. तुम्ही या, पण मनाला लावून घेऊ नका."

अंगणात बाजेवर बसले होते ते, अंगावर घोंगडी, समोर हरभऱ्याचा सोललेला ढीग. अण्णा समोर उभे राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते शांतपणे बघत राहिले, जसं माणूस झाडाकडे बघतो. सून म्हणाली, "बसा ना, मी पाणी आणते."

अण्णा बसले नाहीत. टाचा जुळवून, आवाज चढवून म्हणाले, "नंबर बोल!"

बाजेवरच्या माणसाची पाठ सरळ झाली. घोंगडी खांद्यावरून घसरली. आणि त्यांनी नंबर म्हटला, हिंदीत, एक एक आकडा सुटा सुटा, खणखणीत. मग रँक, मग पलटण. शेवटी "साब." सून पाण्याचा तांब्या हातात घेऊन उंबऱ्यातच थांबली.

मग अण्णा त्यांच्याशेजारी बाजेवर बसले. तिळगूळ हातावर ठेवला, त्यांनी तो मुठीत मिटून घेतला. बराच वेळ दोघं काहीच बोलले नाहीत. हरभरे सोलत राहिले. सूर्य उसाच्या फडामागे जायला लागला तेव्हा मित्राने अण्णांचं डावं मनगट धरलं. धरलं म्हणजे हलकेच नव्हे, घट्ट धरलं. अण्णांनी हात तसाच राहू दिला.

मी गाडीची किल्ली काढली तसं त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, मग अण्णांच्या टोपीकडे. त्यांनी विचारलं, "तुझी सुट्टी किती राहिली रे?"

"हाय अजून," अण्णा म्हणाले. "हाय की अजून लय."